पट्टीच नाही, मग गिअरबॉक्सचं तेल पाहायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा. बडोद्यातल्याच एका गृहस्थांनी दिवाळीत सात वर्षं वापरलेली ऑटोमॅटिक सेडान घेतली. सकाळी पहिल्यांदा रिव्हर्स टाकला की दोन-तीन सेकंद काहीच होत नाही, मग गाडी धक्का देऊन मागे सरकते. पावागढला माचीपर्यंत चढताना इंजिनाचा आवाज वाढत गेला, पण गाडीला ओढ नव्हती. घराजवळच्या मेकॅनिकने बॉनेट उघडलं, गिअर ऑइलची पातळी बघायची पट्टी शोधली, ती सापडली नाही, तरी म्हणाला, "तेल कमी झालं असणार, लिटरभर टाकून देतो." यांनी त्याला थांबवलं. आता विचारताहेत की ट्रान्समिशनच्या तेलाची पातळी घरी कशी तपासायची, आणि त्याचं ऐकून लिटरभर टाकलंच तर बिघडतं काय.

थांबवलंत ते बरं केलंत. त्याचा अंदाज चुकलाच असेल असं नाही. तुम्ही लिहिलेल्या दोन्ही खुणा तेल कमी झाल्याच्या असू शकतात. पण पट्टी न सापडता लिटरभर ओतणं म्हणजे ताप न मोजता गोळी देणं. आणि इथे तर ताप मोजण्याची गोष्ट शब्दशः खरी आहे, ती पुढे येईलच.

मकरपुऱ्याच्या बाजूला माझं छोटं गॅरेज आहे, तीस वर्षं होत आली. तेल पाहून देण्याचं काम रोजचं. त्यावरून सांगतो, तुमच्या प्रश्नात खरं म्हणजे तीन प्रश्न आहेत. तेल किती आहे, हा एक. कमी असेल तर गेलं कुठे, हा दुसरा. आणि आत जे आहे ते तेलच आहे ना, हा तिसरा. बडोद्यात दिवाळीत घेतलेल्या जुन्या गाडीच्या बाबतीत मी तिसऱ्यापासून सुरुवात करीन. पण तुम्ही विचारलंय पातळीबद्दल, तर आधी तेच.

पहिली अडचण ही की तुम्ही फक्त "ऑटोमॅटिक" लिहिलंय. आज या एका शब्दाखाली चार वेगवेगळी यंत्रं विकली जातात आणि चारही ठिकाणी तेल बघायची पद्धत निराळी आहे. गिअरच्या दांड्याजवळ बघा. तिथे 'पी' नसेल, नुसतं आर, एन आणि डी किंवा ए-एम असेल, आणि गिअर बदलताना गाडी मान डोलावत असेल, तर बहुतेक ती एएमटी आहे. म्हणजे आतला डबा, म्हणजे गिअरबॉक्स, साध्या मॅन्युअल गाडीचाच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. मारुतीने २०१४ साली सेलेरिओबरोबर हाच प्रकार एजीएस नावाने आणल्यापासून आपल्याकडे या गाड्या ढिगाने आल्या. यांच्यापैकी काहींत दोन तेलं असतात. एक डब्यातलं गिअर ऑइल, आणि दुसरं क्लच हलवणाऱ्या हायड्रोलिक भागाचं, बॉनेटखाली छोट्या टाकीत, कमी-जास्तीच्या खुणा असलेलं. लोक ती टाकी बघतात आणि गिअरबॉक्सचं तेल बघितलं म्हणून खूश होतात. काही कंपन्यांच्या एएमटीत हे काम विजेच्या मोटरी करतात, तिथे दुसरं तेलच नाही.

'पी' असेल, आणि ब्रेकवरून पाय काढल्यावर गाडी आपोआप हळूहळू पुढे सरकत असेल, तर आत टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला पोचवणारा भाग, असण्याची शक्यता जास्त. सरकते, पण वेग वाढताना गिअर बदलल्याचं कळतच नाही, नुसता एकसुरी आवाज चढत जातो, असं असेल तर सीव्हीटी. आणि दोन क्लचवाला प्रकार असेल तर गाडीच्या मागच्या बाजूला तसं नाव लिहिलेलं असतंच, कंपन्या ते मिरवतात. खात्रीसाठी गाडीबरोबरची पुस्तिका बघा. जुन्या गाडीबरोबर ती मिळाली नसेल तर बऱ्याच कंपन्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येते. तेलाचा प्रकार आणि किती लिटर बसतं ते शेवटच्या पानांत असतं. तुमच्या वर्णनावरून, म्हणजे रिव्हर्सला वेळ लागणं आणि चढावर ओढ नसणं यावरून, मी टॉर्क कन्व्हर्टरची सहा गिअरची गाडी धरून चालतो. तसं नसेल तर पुढचं बरंचसं लागू नाही, ते त्या-त्या ठिकाणी सांगतो.

आता पट्टी न सापडण्याचं. पूर्वीच्या ऑटोमॅटिक गाड्यांत इंजिन ऑइलसारखीच गिअरबॉक्सचीही पट्टी असायची. नवीन गाड्यांतून ती गेली. कारण सांगतात की तेल आयुष्यभराचं आहे, उघडायची गरज नाही. हे आयुष्यभर कोणाच्या आयुष्याचं, ते कोणी सांगत नाही. झेडएफ ही जर्मन कंपनी कित्येक महागड्या गाड्यांना गिअरबॉक्स पुरवते, आणि ती स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षं, जे आधी होईल तेव्हा तेल बदलायला सांगते. बनवणाराच तसं सांगतोय, तेव्हा मी त्याचंच ऐकतो.

पट्टी असलेल्या गाडीत माणसं हमखास एक चूक करतात, आणि ती इंजिन ऑइलच्या सवयीने होते. इंजिनाचं तेल गाडी बंद करून, पाच-दहा मिनिटं थांबून बघायचं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं बहुतेक गाड्यांत उलटं: इंजिन चालू ठेवून, तेल गरम असताना. कारण असं की इंजिन सुरू झालं की आतला पंप तेल उचलून टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, वाल्वच्या भागात आणि कूलरच्या नळ्यांत भरतो. तेवढं तेल चेंबरमधून, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाच्या टाकीतून, कमी होतं, आणि खरी पातळी तीच. इंजिन बंद करून ठेवलं की त्यातलं बरंचसं परत खाली उतरतं आणि पट्टीवर भरपूर तेल दिसतं. बंद गाडीत पट्टी बघून "तेल तर खूणभर आहे" म्हणत लोक कोरड्या गिअरबॉक्सने मुंबईपर्यंत गेलेले मी पाहिलेत. यालाही अपवाद आहेत. काही होंडा गाड्यांत इंजिन गरम करून, बंद करून, ६० ते ९० सेकंदांच्या आत पट्टी बघायला सांगितलंय. म्हणून म्हणतो, पुस्तिका.

पट्टीवाली गाडी असेल तर असं करा. दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणा. सपाट जागी उभी करा, हँडब्रेक लावा, ब्रेकवर पाय दाबून ठेवा आणि दांडा पी-आर-एन-डी असा एकेका ठिकाणी चार-पाच सेकंद थांबवत फिरवून परत पी वर आणा. म्हणजे आतल्या सगळ्या वाटांत तेल जातं. मग इंजिन चालू ठेवूनच पट्टी काढा, पुसा, पूर्ण आत घाला, परत काढा. पुसायला सुताचे धागे सुटणारी चिंधी नको. एखादा धागा आत गेला आणि वाल्वच्या बारीक भोकात बसला तर काय होतं ते बघायला मिळू नये. पट्टीच्या दोन्ही बाजू बघा आणि जी बाजू कमी दाखवते ती खरी माना, कारण नळीच्या भिंतीला लागलेलं तेल एका बाजूला माखतं. गरम आणि थंड अशा दोन खुणा असतील तर गरम तेलाला गरमची खूण. थंडची खूण ही नुसती ढोबळ.

तुमच्या गाडीत पट्टी नाही. अशा गाड्यांत सहसा दोन बोल्ट असतात. एक वर किंवा बाजूला, तिथून तेल भरायचं. दुसरा खाली चेंबरला, तिथून पातळी बघायची. खालच्या बोल्टच्या आत बऱ्याचदा एक उभी नळी असते, ठरावीक उंचीची. इंजिन चालू, तेल ठरावीक तापमानाला, आणि तो बोल्ट काढला की नळीच्या काठापेक्षा वरचं जास्तीचं तेल बाहेर पडतं. धार लागली, मग बारीक झाली, मग थेंब-थेंब, की पातळी बरोबर. बोल्ट लावून टाकायचा. काहीच पडलं नाही तर कमी आहे. वरून थोडं-थोडं भरत जायचं, खालून गळायला लागेपर्यंत. इतकं साधं.

साधं वाटतं, पण सगळा खेळ तापमानाचा आहे. गिअरबॉक्सचं तेल तापलं की फुगतं. दर अंशाला साधारण ०.०७ टक्के म्हणा. आठ लिटर तेल असलेल्या गिअरबॉक्समध्ये तापमान ५० अंशांनी वाढलं तर पाव लिटरहून जास्त फरक पडतो. पट्टीवाल्या गाडीत कमी-जास्तीच्या दोन खुणांमध्ये जेवढं तेल मावतं त्याच्या बराच जवळचा हा आकडा. म्हणून कंपन्या तापमानाची खिडकी देतात: कोणी ३५ ते ४५, कोणी ३० ते ५०, कोणी आणखी काही. थंड तेलात बोल्ट उघडून "थेंब पडला नाही" म्हणून भरलंत, तर ते तापल्यावर जास्त होतं. उकळत्या गाडीखाली शिरून उघडलंत, तर फुगलेलं तेल सांडत राहतं आणि गाडी थंड झाल्यावर कमी पडतं.

आणि आपलं बडोदं हे वेगळंच प्रकरण आहे. मे महिन्यात भर दुपारी गाडी पत्र्याखाली उभी असली तर इंजिन सुरू करायच्या आधीच चेंबर ४० अंशांवर असतो. इंजिन सुरू करून दांडा फिरवेपर्यंत खिडकी संपायला आलेली. पहिल्यांदा असा अनुभव आला तेव्हा मला वाटलं स्कॅनर बिघडला. तेव्हापासून उन्हाळ्यात हे काम सकाळी सात-साडेसातला, गाडी आदल्या रात्री गॅरेजमध्येच ठेवून घेऊन. ग्राहकांना वाटतं आम्ही उगीच गाडी अडकवून ठेवतो. जानेवारीत उलटं, इंजिन चालू ठेवून वाट बघत चहा होतो.

तापमान मोजायचं कशाने? सगळ्यात बरं म्हणजे ओबीडी स्कॅनर, गाडीच्या संगणकाला जोडायचं यंत्र, जो गाडीचं स्वतःचं गिअरबॉक्स तापमान दाखवतो. मोबाइलला जोडायची स्वस्त डिव्हाइसं मिळतात, पण सगळ्या गाड्यांत ती गिअरबॉक्सचं तापमान दाखवतातच असं नाही. घेण्याआधी आपल्या गाडीत दिसतं का ते विचारा. लेझरची बंदूक चेंबरला लावून अंदाज येतो, तोही वाईट नाही, पण तो लोखंडाचा किंवा ॲल्युमिनियमचा ताप, तेलाचा नव्हे. दोन-चार अंशांची चूक धरून चाला.

गाडी समतल हवी, हे सगळे सांगतात आणि कोणी करत नाही. सोसायटीच्या पार्किंगला पाणी वाहून जावं म्हणून उतार दिलेला असतो, डोळ्याला कळत नाही. माझ्याकडे आजोबांची पितळी स्पिरिट लेव्हल आहे. ते कलाभवनात शिकलेले फिटर. सयाजीराव महाराजांनी १८९० साली काढलेल्या त्या संस्थेतल्या कारागिरांची हत्यारं बडोद्यातल्या कित्येक मराठी घरांत अजून निघतात. ती मी दाराच्या उंबऱ्यावर ठेवून बघतो, लिफ्टवर चढवल्यावर परत बघतो. फक्त पुढची बाजू जॅकने उचलून, खाली शिरून बोल्ट उघडला तर जे दिसेल ते खोटं. आणि त्याहून महत्त्वाचं, इंजिन चालू असलेल्या, नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जाऊ नका. मरायचं काम आहे. खड्डा असलेलं किंवा चार खांबांची लिफ्ट असलेलं गॅरेज गाठा. म्हणून तुमच्या "घरी कसं तपासायचं" याला माझं सरळ उत्तर असं: पट्टी नसलेल्या गाडीत पातळी घरी तपासू नका. घरी जे तपासता येतं ते वेगळं आहे आणि ते जास्त उपयोगाचं आहे.

त्याआधी इतर प्रकारांचं दोन-दोन ओळींत. मॅन्युअल आणि एएमटीच्या डब्यात बाजूला भरायचा बोल्ट असतो. गाडी सपाट, इंजिन बंद, बोल्ट काढून करंगळी आत घालायची. भोकाच्या खालच्या काठापर्यंत तेल लागलं की बास. तिथे तापमानाची एवढी भानगड नाही. तेल मात्र लिहिलेल्या दर्जाचंच. जीएल-४ सांगितलेल्या डब्यात जीएल-५ टाकलं तर त्यातल्या काही रसायनांनी पितळी सिंक्रोनायझर रिंगा खराब होऊ शकतात. सीव्हीटीत साधं लाल एटीएफ, म्हणजे नेहमीच्या ऑटोमॅटिकचं तेल, कधीच नाही. तिथे लोखंडी पट्टा पुलीवर घट्ट पकडून चालतो, त्याला लागणारं घर्षण तेलावर अवलंबून असतं. चुकीचं तेल गेलं की पट्टा घसरतो आणि पुलीवर ओरखडे उठतात, मग दुरुस्ती नाही, नवा डबा. दोन क्लचवाल्यांपैकी सात गिअरच्या, कोरड्या क्लचच्या डीएसजीत पातळी बघायचा प्रकारच नाही. सगळं काढायचं आणि मोजून १.७ लिटर घालायचं.

आता "लिटरभर टाकलं तर काय". समजा तुमच्या गाडीत तेल बरोबर होतं. वर लिटरभर म्हणजे फिरणाऱ्या भागांना तेल लागायला लागतं, ते घुसळलं जातं, ताकासारखा फेस होतो. पंपाला फेस मिळतो, तेल नाही. फेसातली हवा दाबली जाते, क्लचवर पुरेसा जोर येत नाही, आणि गाडी तशीच घसरते जशी तेल कमी असताना घसरते. रिव्हर्सला तसाच उशीर. म्हणजे मेकॅनिक म्हणणार, "अजून कमीच आहे वाटतं." आमच्याकडे शिकायला आलेली पोरंसुद्धा हेच विचारतात, "काका, थोडू नाखी दऊं?" म्हणजे थोडं टाकून देऊ का. थोडं म्हणजे किती, हे विचारल्यावर उत्तर नसतं. जास्तीचं तेल मग डब्याच्या श्वासनळीतून बाहेर पडून एक्झॉस्टवर ठिबकतं, धूर निघतो, आणि गळतीची नवीन केस तयार होते.

तुमच्या खुणांबद्दल माझं मत सांगतो. सकाळी रिव्हर्सला उशीर ही खूण मी एकटीवर तोलत नाही. रात्रभरात कन्व्हर्टरमधून तेल उतरल्यामुळे, आतली रबरी सीलं कडक झाल्यामुळेही तसं होतं. पण चढावर ओढ जाणं हे तिच्याबरोबर आलं की माझा कल कमी तेलाकडे जातो. चढावर गाडी कलते, चेंबरमधलं तेल एका बाजूला सरकतं आणि पंपाचं तोंड उघडं पडतं. सपाटीवर आल्यावर गाडी आपोआप सुधारली का, हे तुम्ही लिहिलं नाही. सुधारली असेल तर कमी तेलाची शंका पक्की होते. उलट, थंड असताना ठीक आणि तासभर चालवल्यावर घसरायला लागते असं असेल तर तेल किती आहे यापेक्षा तेल किती जुनं आहे आणि क्लच किती झिजले आहेत हा प्रश्न.

आणि कमी असेल तर ते गेलं कुठे? इंजिन थोडंफार तेल जाळतं, गिअरबॉक्स जाळत नाही. त्यात ज्वलनच नाही. कमी झालं म्हणजे बाहेर गळालं, किंवा मागच्याने बदलताना कमी भरलं. भरून देऊन मोकळा होणारा मेकॅनिक हा प्रश्न विचारत नाही, म्हणून सहा महिन्यांनी ग्राहक परत येतो. रात्री गाडीखाली पुठ्ठा किंवा जुना पेपर पसरा, चाकाच्या जागा पेनने आखून ठेवा, सकाळी डाग कुठे पडलाय बघा. पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला लालसर-तपकिरी, बोटाला गुळगुळीत डाग असेल तर एक्सलचं सील किंवा चेंबरचं गॅस्केट. मधोमध रेडिएटरजवळ असेल तर कूलरच्या नळ्या. नुसतं पाणी असेल तर ते एसीचं, घाबरू नका. डाग काहीच नाही आणि तरी तेल कमी, असं असेल तर इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटच्या टाकीचं झाकण उघडून बघा. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल थंड करायची नळी रेडिएटरच्या आतूनच जाते. ती आत फुटली की तेल कूलंटमध्ये जातं, कूलंट तेलात येतं, आणि जमिनीवर एक थेंब पडत नाही.

रंगाबद्दलही थोडं. ऑटोमॅटिकचं तेल लाल का, तर इंजिन ऑइलपासून ओळखू यावं म्हणून घातलेला रंग आहे तो, गुणधर्म नाही. जनरल मोटर्सने १९४०च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबाइलमध्ये हायड्रा-मॅटिक आणला तेव्हापासून ही तेलं वेगळी वाढत गेली, आणि आता काही सीव्हीटीची तेलं हिरवट-निळसर येतात. म्हणून "लाल आहे म्हणजे चांगलं" असं नाही आणि "तपकिरी झालं म्हणजे संपलं" असंही नाही. दोन-तीन वर्षांत रंग उतरतोच. मी वास बघतो. जळक्या करपलेल्या वासाचं काळं तेल, बोटांत चोळल्यावर बारीक कण लागत असतील, तर क्लच जळलेत. तिथे नवीन तेल घातल्यावर गाडी कधी कधी आणखी बिघडते, आणि दोष तेल घालणाऱ्यावर येतो. म्हणून अशा गाडीला हात लावण्याआधी मी मालकाला बसवून हे सांगतो.

आता माझा खरा संशय. ऑगस्ट २०२४च्या अखेरीस बडोद्यातल्या विश्वामित्री नदीने ३५ फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची खूण २५ फुटांची आहे. समा, अकोटा, मुजमहुडा, वडसर, कितीतरी भागांत तळमजल्याच्या पार्किंगमध्ये गाड्या छतापर्यंत बुडाल्या होत्या. त्यांतल्या पुष्कळ धुऊन-पुसून, नवे मॅट घालून पुढे विकल्या गेल्या. काही इथेच, काही लांब. सगळे विकणारे लबाड होते असं मी म्हणत नाही, पण बुडालेल्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये पाणी शिरतं हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. डब्याला हवा आत-बाहेर करायला एक श्वासनळी असते, तिचं तोंड बुडालं की पाण्याला वाट मिळते. त्या सप्टेंबरात माझ्याकडे आलेल्या एका गाडीचा खालचा बोल्ट काढला, तर फालुद्याच्या रंगाचं, गुलाबी दुधाळ पाणी निघालं. तीनदा तेल बदललं, लाल स्वच्छ निघेपर्यंत. गाडी छान चालायला लागली. मी मालकाला ठीक आहे म्हणून सांगितलं. दीड महिन्याने घसरायला लागली, कारण क्लचच्या पट्ट्यांवरचं कागदासारखं अस्तर ज्या गोंदाने चिकटलेलं असतं त्याला पाणी लागलं होतं. ती चूक माझी. तेव्हापासून पाणी निघालेल्या गाडीला मी "ठीक आहे" म्हणत नाही, फक्त "आज चालतेय" म्हणतो.

म्हणून रविवारी सकाळी आधी हे करा. पुढच्या सीटचे बेल्ट पूर्ण, शेवटपर्यंत ओढून काढा आणि शेवटच्या हातभर भागावर मातीची रेघ आहे का बघा. विकणारे सगळं धुतात, हे विसरतात. स्टेपनी काढून तिच्या खालचा खळगा बघा, सीटच्या रुळांखालचे स्क्रू गंजलेत का बघा. रात्री पुठ्ठा अंथरायचा, कूलंट बघायचं, आणि चढानंतर सपाटीवर गाडी कशी वागली ते आठवून लिहून ठेवायचं. एवढं घरचं काम.

मग लिफ्टवाल्या गॅरेजमध्ये जाताना तेलाचा नेमका प्रकार लिहून न्या. "सगळ्या गाड्यांना चालणारं" तेल देऊ लागले तर पुस्तिकेतला दर्जा तेलाच्या डब्यावर छापलाय का एवढंच बघा. मेकॅनिकला सांगा की तेल कितव्या अंशाला बघणार ते आधी सांग. त्याने "अंश कसले" म्हटलं तर दुसरं गॅरेज. आणि आणखी एक, जे मी स्वतः किंमत मोजून शिकलो. खालचा बोल्ट उघडण्याआधी वरचा, भरायचा बोल्ट सुटतो की नाही ते बघायला सांगा. सुरुवातीच्या वर्षांत मी एका गाडीचं सगळं तेल खाली काढलं आणि मग वरच्या बोल्टला पाना लावला, तर तो गंजून घट्ट बसलेला, कडा गोल झाल्या. गाडी रिकाम्या गिअरबॉक्सने लिफ्टवर, मालक दारात, आणि मी वेल्डिंगवाल्याला बोलवायला सायकलवर. त्या बोल्टवर नट वेल्ड करून तो फिरवला तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. दोन्ही बोल्टांचे वॉशर मात्र नवेच लावायचे, जुना वॉशर चालेल म्हटलं की तिथूनच ठिबकतं.

खालून निघालेलं पहिलं तेल फेकू देऊ नका. कपभर काचेच्या बाटलीत घ्या. घरी आणा, जुना, स्वयंपाकातून बाद झालेला तवा बाहेर अंगणात तापवा, आणि त्यावर लांबून, चष्मा लावून, त्या तेलाचे दोन थेंब टाका. शांत धुरावलं तर पाणी नाही, मग पातळी आणि गळती याच वाटेने शोधू. तडतडलं तर तेल भरायच्या आधी बाटलीचा फोटो आणि गाडीचं मॉडेल लिहून मला कळवा.